चिठ्ठी मिरजेची, दुकान न्यू जर्सीचं

सांगलीच्या विश्रामबागेतून एका वहिनींचं पत्र आलंय. नाव छापत नाही. मजकूर थोडा आवरून देते:

‘ताई, ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी निघालोय. जाताना पंधरा दिवस दुबईत मुलीकडे उतरणार. मी ६४ वर्षांची, हे ७०. यांची साखर जुनी. इन्सुलिन ३०/७० सकाळी २४ आणि रात्री १६ युनिट, शिवाय तीन औषधं एकत्र असलेली साखरेची गोळी, बीपीची गोळी आणि पायांची आग होते म्हणून प्रेगाबालिन. मला थायरॉईड, रात्री झोपेसाठी अल्प्राझोलाम, आणि गुडघा फारच ठणकला की ट्रामाडॉल-पॅरासिटामॉल. प्रत्येक जण वेगळं सांगतो. शेजारचे काका म्हणतात, काही नेऊ नका, आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की तिकडे सगळं मिळतं. भिशीतल्या बायका म्हणतात, सहा महिन्यांचं न्या आणि पाकिटं काढून डब्यात भरा, जागा वाचते. जाऊबाई म्हणतात, संपलं की कुरिअर करू. मुलगा म्हणतो, आपले डॉक्टर व्हॉट्सअॅपवर लिहून देतील. आणि मोठे दीर म्हणाले, झोपेच्या गोळ्या नेल्या तर दुबईत आत टाकतात. तेव्हापासून गोळी घेऊनही मला झोप नाही. खरं काय ते सांगा. आणि सुनेला आमचा कांदा-लसूण मसाला आणि लेकीला अनारसे न्यायचेत, त्याला तरी चालतं ना?’

वहिनी, तुमच्या मोठ्या दिरांनी घाबरवलं ते वाईट केलं, पण या सगळ्या मंडळींत खऱ्याच्या सर्वांत जवळ तेच आहेत. त्यामुळे त्यांच्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवणार आहे. बाकीच्यांचं आधी उरकून घेऊ.

शेजारच्या काकांचा समज कुठून आला ते मला कळतं. आपल्याकडे वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये मिरजेत इस्पितळ काढलं तेव्हापासून कर्नाटकातली माणसं उपचाराला मिरजेला येतात. मिरजेच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अथणीला गेलं, जमखंडीला गेलं, तरी दुकानदार औषध देतो. राज्य बदललं, भाषा बदलली, चिठ्ठी चालली. मग न्यू जर्सीत का नाही चालणार? कारण अथणी आणि मिरज दोन्हीकडे कायदा एकच आहे, १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे १९४५ चे नियम, आणि आपला डॉक्टर नोंदणीकृत आहे तो भारतात. अमेरिकेतल्या औषध दुकानाला तिथल्या एखाद्या राज्याचा परवाना असलेल्या डॉक्टरचंच लिखाण चालतं. तिथे बहुतेक वेळा रुग्णाच्या हातात कागद येतच नाही. डॉक्टर संगणकावरून थेट दुकानाला पाठवतो, आपण जाऊन नाव आणि जन्मतारीख सांगायची आणि नावाचं लेबल लावलेली बाटली घ्यायची. तुम्ही आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केलीत तर फार्मासिस्ट हसून परत करेल. युरोपातही तसंच. तिथे जर्मनीची चिठ्ठी फ्रान्समध्ये चालते हे खरं आहे, पण तो युरोपीय संघातल्या देशांचा आपसातला नियम आहे, त्यात आपण बसत नाही.

मुलाच्या व्हॉट्सअॅपचंही हेच. डॉक्टरांनी फोनवर पाहून लिहून देण्याचे आपल्याकडचे नियम मार्च २०२० मध्ये आले. भारताबाहेर बसलेल्या रुग्णाला तपासण्याची सोय त्यांत नाही, हे त्या नियमांतच लिहिलंय. आणि समजा डॉक्टरांनी ओळखीखातर लिहून दिलंच, तर तो कागद दाखवायचा कुणाला? दुकानाचं उत्तर तेच. कुणाचा तरी भाचा तिकडे डॉक्टर असतो आणि ‘तो लिहून देईल’ असंही पुष्कळ जण म्हणतात. न तपासलेल्या माणसाला लिहून देणं म्हणजे त्या पोराने स्वतःचा परवाना पणाला लावणं. झोपेच्या आणि वेदनेच्या गोळ्यांच्या बाबतीत तर विचारूसुद्धा नका, त्याला अवघड होतं.

या चिठ्ठीचा उपयोग मात्र मोठा आहे, फक्त तो दुकानात नाही. विमानतळावर ‘ही औषधं माझीच आहेत आणि या आजारासाठी आहेत’ हे तिनेच सिद्ध होतं. आणि तिकडच्या डॉक्टरसमोर बसलात की तुमची सगळी कहाणी तिच्यात असते. म्हणून ती नीट हवी. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत, शक्यतो टाइप केलेली. पासपोर्टवर आहे तेच नाव, आजार कोणता, औषधाचं मूळ नाव, मात्रा, दिवसातून किती वेळा, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. मूळ नाव म्हणजे कंपनीने ठेवलेलं नाव नव्हे. आपल्याकडचं ब्रँडचं नाव तिकडे कुणालाच ठाऊक नसतं. त्याहून वाईट म्हणजे कधी ठाऊक असतं आणि औषध भलतंच असतं: फ्लोमॅक्स म्हणून अमेरिकेत प्रोस्टेटची गोळी मिळते आणि त्याच नावाने इटलीत सूज-दुखीचं औषध. मूळ नावातही एकदोन ठिकाणी फरक आहे. आपलं पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन होतं आणि दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अल्ब्युटेरॉल. वहिनी, तुमच्या गुडघ्याच्या गोळीत पॅरासिटामॉल आहेच. सर्दीची म्हणून तिकडे घेतलेल्या गोळीतही ते वेगळ्या नावाने असू शकतं, म्हणजे दुप्पट जाईल. खोक्यावर वाचून घ्या किंवा मुलाला वाचायला लावा.

भिशीतल्या बायकांचा सल्ला मात्र सगळ्यांत धोक्याचा. जागा वाचवायला पाकिटं काढणं हे आपल्या बायकांच्या हाडीमाशी आहे, मला मान्य. पण स्टीलच्या डबीत सुट्या पांढऱ्या गोळ्या घेऊन उभ्या राहिलात तर समोरच्या अधिकाऱ्याने त्या थायरॉईडच्या आहेत हे ओळखायचं कसं? स्ट्रिप अख्ख्या घ्या. आपल्याकडे दुकानदार कात्रीने सहा गोळ्या कापून देतो आणि नाव, तारीख असलेलं टोक त्याच्याकडेच राहतं. तसले तुकडे नकोत. अमेरिकेत प्रत्येकाच्या बाटलीवर रुग्णाचं नाव असतं, आपल्या स्ट्रिपवर नसतं. ती उणीव बिलाने भरून काढायची. दुकानातून पक्कं बिल घ्या, त्यावर रुग्णाचं नाव आणि डॉक्टरांचं नाव घालायला सांगा. यजमानांचं बिल वेगळं, तुमचं वेगळं. वारांची खण असलेली डबी न्यायची असेल तर रिकामी न्या, मुलाच्या घरी पोचल्यावर भरा.

आणि सहा महिन्यांचं नाही, तीन महिन्यांचं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन प्रवाशाने स्वतःपुरतं साधारण ९० दिवसांचं औषध आणावं असं धरून चालतं. जास्त सापडलं म्हणून लगेच तुरुंग नाही, पण ते काढून घेण्याचा अधिकार त्यांना आहे, आणि काढून घेतलं तर सगळंच जायचं. दुबईतही साध्या औषधांना तीन महिन्यांचा हिशेब लागू आहे. म्हणून दुबईचे पंधरा दिवस धरून एकूण तीन महिन्यांच्या आत बसवा.

मग उरलेल्या तीन महिन्यांचं काय? इथे जाऊबाई कुरिअर घेऊन उभ्या आहेत. कुरिअरने औषध मागवणं अमेरिकेत एरवी बेकायदाच समजलं जातं. मात्र ९० दिवसांहून जास्त राहणाऱ्या परदेशी पाहुण्याला आपलं उरलेलं औषध मागवता येतं. त्यासाठी पार्सलसोबत डॉक्टरांचं पत्र, प्रिस्क्रिप्शन, पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत लागते. इतकं करूनही पेटी तपासणीला अडकू शकते. थायरॉईडची गोळी चार-आठ दिवस उशिरा आली तर निभावून जाईल, इन्सुलिन कुठल्याशा गोदामात तापत पडलं तर ते फेकायचंच. झोपेची आणि ट्रामाडॉलची गोळी कुरिअरने पाठवायची नाही, कुठल्याही कारणाने नाही. (जर्मनीला मुलं असलेल्यांनी ही वाट सोडूनच द्यावी. युरोपीय संघाबाहेरून टपालाने आलेली औषधं त्यांचा कस्टम विभाग घरापर्यंत जाऊ देत नाही. बरोबर नेलेलं तीन महिन्यांचं मात्र चालतं.)

मला विचाराल तर दुसऱ्या तीन महिन्यांसाठी तिकडच्या डॉक्टरला एकदा भेटणंच सरळ. ‘अमेरिकेत औषधं परवडत नाहीत’ हे अर्धंच खरं आहे. नवी, कंपनीच्या हक्काची औषधं प्रचंड महाग आहेत. पण जुन्या जेनेरिक गोळ्या स्वस्त आहेत. वॉलमार्टने २००६ मध्ये महिन्याच्या गोळ्या चार डॉलरला द्यायला सुरुवात केली, त्या यादीत मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही आहेत. त्यांतल्या पुष्कळ गोळ्या बनतात आपल्याच देशात. खर्च होतो तो डॉक्टरच्या भेटीचा. मुलाला आत्ताच घराजवळचं एखादं असं क्लिनिक शोधायला सांगा जिथे विमा नसलेला रुग्ण रोख पैसे देऊन दाखवू शकतो आणि फी आधी सांगतात. गोळ्या संपल्या म्हणून इस्पितळाच्या इमर्जन्सीत जाऊ नका. तिथे नाही म्हणणार नाहीत, पण नंतर घरी येणारं बिल पाहून यजमानांना बीपीची दुसरी गोळी लागेल. प्रवासी विम्यावरही भरवसा नको. आधीपासूनच्या आजाराची रोजची औषधं त्यात सहसा नसतात, पॉलिसीतलं बारीक अक्षर वाचा.

आता यजमानांची तीन औषधांची गोळी. तुम्ही पत्रात लिहिलेल्या नावावरून (ते इथे छापलं नाही) त्यात ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज दिसतंय. अशा एकत्र गोळ्या हा आपल्याकडचा प्रकार. व्होग्लिबोज अमेरिकेत मंजूरच नाही. आपल्याकडे घरोघरी असलेली टेनेलिग्लिप्टिन आणि व्हिल्डाग्लिप्टिन नाहीत, बीपीची सिल्निडिपिन नाही, आणि तापाला आपण सर्रास घेतो ती निमेसुलाइडही तिथे कधी मंजूर झाली नाही. म्हणजे तिकडचा डॉक्टर इच्छा असूनही तीच गोळी देऊ शकणार नाही. निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा, ‘ही मिळाली नाही तर काय?’ मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड वेगवेगळ्या गोळ्यांत तिकडे सहज मिळतात. तिसऱ्याचं काय करायचं ते त्यांनाच ठरवू द्या आणि पत्रात लिहून घ्या.

इन्सुलिनकडे मात्र सगळी कामं बाजूला ठेवून लक्ष द्या. आपल्याकडे मिळणारी साधी बाटली ४० युनिटची असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, आणि तिची लाल टोपणाची सिरिंजही ४० चीच. अमेरिकेत बाटली १०० युनिटची. यजमानांनी तिकडची बाटली घेऊन सांगलीहून नेलेल्या सिरिंजने २४ च्या रेघेपर्यंत भरलं तर शरीरात जातील ६० युनिट. अडीच पट. सत्तरीच्या माणसाची साखर त्याने इतकी खाली येईल की शुद्ध जाईल. उलट आपली बाटली आणि तिकडची सिरिंज असं झालं तर २४ ऐवजी दहाही युनिट जाणार नाहीत. दुकानदार हे सांगेलच असं नाही, कारण माणसांच्या इन्सुलिनसाठी ४० ची सिरिंज तिकडे वापरातच नाही.

यावर चांगला उपाय पेनचा. पेनमधलं इन्सुलिन इथेही १०० चंच असतं आणि पेनवर सरळ युनिटचा आकडा फिरवायचा असतो, सिरिंजच्या रेघांचा घोळ नाही. डॉक्टर हो म्हणाले तर ऑगस्टपासूनच पेन सुरू करा, म्हणजे जाईपर्यंत हाताला सवय होईल. दिवसाला ४० युनिट, वर प्रत्येक वेळी सुई तपासायला दोन सोडायची, म्हणजे तीन महिन्यांना साधारण १४ पेन लागतील, १५ धरा. सगळी हातातल्या बॅगेत. खाली सामानात टाकलेलं इन्सुलिन गोठू शकतं, आणि गोठलेलं परत वितळलं तरी कामाचं राहत नाही. सुरक्षा तपासणीत ‘इन्सुलिन आहे’ असं आपणहून सांगायचं, द्रवाच्या मर्यादेतून औषधाला सूट असते. आणि दुबईला जाताना घड्याळ दीड तास, पुढे न्यू जर्सीला जाताना आठ-नऊ तास मागे जातं, त्या दिवशी डोस कधी आणि किती घ्यायचा हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, तीही सांगते. यजमान घेतात ते साधं ह्यूमन ३०/७० मिश्रण अमेरिकेत बहुतेक राज्यांत चिठ्ठीशिवाय मिळतं. तिथे त्याला ७०/३० म्हणतात, आकडे उलटे, औषध तेच. वॉलमार्टमध्ये एक बाटली साधारण २५ डॉलरला मिळते. अडीअडचणीला हा आधार आहे, पण घ्यायची ती तिकडच्याच १०० च्या सिरिंजसकट. आणि नावात ‘नोव्होलॉग’ असलेलं ७०/३० उचलू नका, ते दुसरं इन्सुलिन आहे आणि त्याला चिठ्ठी लागते.

आता दिरांचा मुद्दा.

अल्प्राझोलाम, ट्रामाडॉल आणि पायांच्या आगीची प्रेगाबालिन, तुमच्या पिशवीतल्या या तीन गोळ्या बाकीच्या औषधांसारख्या नाहीत. संयुक्त अरब अमिरातीत तिन्ही नियंत्रित आहेत. ती नेताना दुबईत उतरण्याआधी त्यांच्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते. पासपोर्टची प्रत, डॉक्टरांचं ताजं प्रिस्क्रिप्शन आणि आजाराचा अहवाल जोडायचा, किती दिवसांचं आणता येईल ते त्या परवानगीतच ठरतं. लेकीला हे काम सांगा, ती तिथेच राहते, तिला अर्ज भरणं सोपं जाईल. परवानगीची छापील प्रत हातात असेल तर भिण्यासारखं काही नाही. ती नसताना ‘माझ्या डॉक्टरांनी दिलंय’ हे सांगून भागत नाही. अशा गोळ्यांपायी तिथे प्रवासी अडचणीत आलेले आहेत, दीर हवेत बोलत नाहीत. कोडीनचं खोकल्याचं औषध घरात असेल तर ते बॅगेच्या आसपाससुद्धा नको.

अमेरिकेतही या तिन्ही गोळ्या नियंत्रित यादीत आहेत, ट्रामाडॉल तर २०१४ पासून. तिथे आधी परवानगी काढावी लागत नाही, पण मूळ पाकिटात, स्वतःपुरत्या आणि कस्टमला आपणहून सांगून न्यायच्या. यजमानांची प्रेगाबालिन त्यांच्याच पिशवीत, तुमच्या गोळ्या तुमच्याच. ‘शेजारणीच्या मुलासाठी एवढं पाकीट न्या’ असं कुणी म्हणालं तर तोंडावर नाही म्हणा. जपानला मुलं असलेले वाचत असतील तर त्यांच्यासाठी: तिथे आपल्याला साधी वाटणारी औषधंसुद्धा अडतात. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली सर्दीची गोळी चालत नाही, आणि चिठ्ठीचं कुठलंही औषध महिन्याहून जास्त न्यायचं तर आधी प्रमाणपत्र काढावं लागतं.

वहिनी, पण पत्र वाचताना माझं लक्ष कस्टमपेक्षा दुसरीकडेच गेलं. तुम्ही लिहिलंय ‘डॉक्टरांची चिठ्ठी’, पण अल्प्राझोलामची चिठ्ठी शेवटची कधी लिहिली गेली होती? ट्रामाडॉलची? माझा अंदाज, चिठ्ठी केव्हाच जीर्ण झाली आणि कोपऱ्यावरचा ओळखीचा दुकानदार ‘काकू, नेहमीचं ना?’ म्हणून स्ट्रिप काढून देतो. दोन्ही औषधं आपल्याकडे एच-१ या परिशिष्टात आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या वहीत डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं, ती वही तीन वर्षं ठेवायची, हा नियम २०१४ पासून लागू आहे. औषध दुकानाच्या काउंटरच्या आत मीही बसले आहे, कुठे काय चालतं ते मला नव्याने सांगायला नको. परदेशी जाणाऱ्यांचे गैरसमज परदेशातले नसतातच, ते इथल्या काउंटरवर तयार होतात. इथे मागितलं की मिळतं, म्हणून तिकडेही मिळेल असं वाटतं.

तेव्हा पहिलं काम आपल्या डॉक्टरांकडे जाण्याचं आहे, आणि तेही या आठवड्यात. कागदापेक्षा मोठं कारण आहे. अल्प्राझोलाम आणि ट्रामाडॉल एकत्र घेतल्याने श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या दोन प्रकारच्या औषधांच्या माहितीपत्रकांत तसा चौकटीतला इशारा सक्तीचा केला. तुमचा गुडघा ज्या रात्री जास्त दुखतो त्याच रात्री झोपही येत नसणार, म्हणजे दोन्ही एकाच रात्री पोटात जात असणार. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. वयस्क माणसांना ही झोपेची गोळी शक्यतो देऊ नये असं तिकडच्या वृद्धोपचार तज्ज्ञांचं मत आहे. त्यामुळे नवा डॉक्टर ती पुढे चालू ठेवेल या भरवशावर राहू नका.

मात्र घाबरून आज रात्रीपासून बंद करू नका! वर्षानुवर्षं घेतलेली ही गोळी एकदम सोडली तर झोप पूर्ण उडते, जीव घाबरतो, कधी फिट्स येतात. ती डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू, काही आठवडे घेऊन कमी करायची असते. ऑक्टोबरला अजून वेळ आहे, कदाचित निघेपर्यंत तिची गरजच उरणार नाही आणि दुबईच्या परवानगीतून एक औषध वगळलं जाईल. ट्रामाडॉलऐवजी गुडघ्याला दुसरं काय चालेल तेही त्याच भेटीत विचारा. मूत्रपिंडाचा अहवाल बरोबर न्या, त्यावर बरंच अवलंबून असतं.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक घरांत असतं म्हणून विचारते: वैद्यांच्या पुड्या आहेत का? कागदात बांधलेलं बिनानावाचं चूर्ण नेऊ नका, त्याला कुठलंच उत्तर देता येत नाही. भस्म असलेली औषधंही नकोत. महायोगराज गुग्गुळात नागभस्म असतं, म्हणजे शिसं, आणि तिकडे अशी औषधं शिसं-पाऱ्यापायी आधीच नजरेत आहेत. ‘आयुर्वेदिक आहे’ म्हटलं की सोडतात, हा समज सोडा. इसबगोल सीलबंद पाकिटात न्यायला हरकत नाही, तसा तो तिकडेही मिळतो. अँटिबायोटिकची ‘असू दे’ म्हणून घेतलेली स्ट्रिप घरीच ठेवा. डॉक्टरांनी विशिष्ट कारणासाठी एक कोर्स लिहून दिला तर गोष्ट वेगळी.

मसाला आणि अनारसे मात्र दुबईत चालत नाहीत. खसखस तिथे बंदी असलेल्या वस्तूंत आहे, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्या कांदा-लसूण मसाल्यात ती भाजून घातलेली असते, अनारशांवर पसरलेली असते, डिंकाच्या लाडवांतही असते. बॅग अमेरिकेला जाणारी असली तरी तुम्ही दुबईत उतरून बाहेर पडणार आहात, त्यामुळे ती तिथे तपासली जाऊ शकते. सुनेचा मसाला बिनखसखशीचा कुटून घ्या, लेकीला अनारशांऐवजी भडंग न्या.

शेवटचं, बॅगा हरवण्याबद्दल. सगळी औषधं हातातल्या सामानात असली तरी प्रत्येक स्ट्रिपचे दोन्ही बाजूंनी फोटो, पत्र, बिलं आणि दुबईची परवानगी मुलाच्या आणि मुलीच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा. आणि न्यू जर्सीत पोचल्यावर गोळ्या संपायची वाट पाहू नका. नवीन रुग्णाला डॉक्टरची वेळ तिथे लगेच मिळत नाही, आणि दुबईचे पंधरा दिवस गेल्यावर तुमच्याकडे अडीच महिन्यांचंच औषध उरेल, तेव्हा पोचल्या-पोचल्याच मुलाला वेळ घ्यायला लावा. त्या भेटीला पत्र, रिकाम्या स्ट्रिप आणि यजमानांच्या साखरेची वही बरोबर न्या.